स्कॅन केलेल्या जुन्या अंकांच्या फाइलींची तपासणी : प्रकल्प नोंदी

३ जून

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाकडे १९३० ते १९७० या काळातील मासिकांचे आणि दिवाळी अंकांचे १९६ अंक आहेत. पान उलटताना कागदाच्या कडा गळू लागल्यामुळे कार्यकारी मंडळाने ते सर्व स्कॅन करून घेण्याचे ठरवले आणि पानाला साडेचार रुपये या दराने एका व्यावसायिकाला काम दिले. करारात चार अटी होत्या : ४०० डीपीआय (इंचाला ४०० पिक्सेल), पूर्ण रंगीत, कोणतेही संपीडन नसलेली (आकार कमी करण्यासाठी न दाबलेली) टिफ ही चित्रफाइल, आणि सोबत रोजच्या वाचनासाठी एक जेपेग, म्हणजे दाबून लहान केलेली प्रत. एकूण ११,२८४ पानांची हार्ड डिस्क काल हाती आली. फाइली करारानुसार आहेत की नाहीत हे पाहून मंडळाला लेखी कळवण्याचे काम माझ्याकडे आहे. दुसऱ्या एखाद्या वाचनालयाला हेच काम करावे लागले तर उपयोग व्हावा म्हणून रोज काय केले ते येथे लिहून ठेवत आहे.

आज डिस्कवरील सर्व फाइली वाचनालयाच्या संगणकाला जोडलेल्या आमच्या डिस्कवर उतरवल्या. मध्येच वीज गेली आणि संगणकाला यूपीएस नसल्याने काम थांबले. वीज आल्यावर ‘आधीच असलेल्या फाइली वगळा’ हा पर्याय निवडून उरलेले काम पूर्ण केले. नवीन २ टीबी डिस्कसाठी ५,८०० रुपये खर्च आला.

४ जून

तपासणीसाठी एक्झिफटूल हे साधन निवडले. फिल हार्वी यांनी पर्ल भाषेत लिहिलेले हे साधन २००३ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. फाइलच्या आत स्वतःबद्दल जे काही नोंदलेले असते, म्हणजे प्रकार, रुंदी, उंची, संपीडन, रिझोल्यूशन, रंगाचे प्रोफाइल, तारखा, ते सर्व हे साधन वाचून दाखवते. विंडोजसाठी उतरवलेल्या फाइलच्या नावात कंसातले ‘के’ हे अक्षर असते. ते काढून टाकल्याशिवाय कमांड लाइनवर साध्या नावाने हाक मारता येत नाही.

पहिल्याच दिवशी मोठी चूक झाली. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, जी प्रत्येक फाइलसाठी एक्झिफटूल नव्याने सुरू करत होती. रात्री नऊला सुरू केलेले काम साडेअकरापर्यंतही संपले नव्हते. कारण नंतर लक्षात आले : फाइलचा माहितीचा भाग वाचायला अगदी थोडा वेळ लागतो, पण पर्ल आणि त्याचा सारा पसारा प्रत्येक वेळी नव्याने सुरू होण्यातच जवळजवळ सगळा वेळ जात होता. साधनाला संपूर्ण फोल्डर एकदाच देऊन, आतल्या उपफोल्डरांसह वाचण्याचा आणि उत्तर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या) तक्त्यात देण्याचा पर्याय वापरला, तेव्हा हेच काम ७ मिनिटांत झाले.

५ जून

तक्ता तयार झाला, पण त्यात अंकांच्या फोल्डरांची नावे प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन उतरली. आमच्या फोल्डरांची नावे देवनागरीत आहेत, ‘१९५४ दिवाळी’ अशी. यात दोन वेगवेगळे दोष एकमेकांत गुंतले होते आणि ते सुटे करण्यात संपूर्ण दिवस गेला. पहिला दोष असा की विंडोजवर एक्झिफटूलला फाइलींची नावे यूटीएफ-८ या, देवनागरीसह सर्व लिप्या साठवणाऱ्या सांकेतिक पद्धतीत आहेत हे वेगळ्या पर्यायाने सांगावे लागते. दुसरा दोष असा की मी पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांड देण्याच्या प्रोग्रॅममध्ये) बाणाचे चिन्ह वापरून उत्तर फाइलमध्ये वळवत होतो आणि विंडोजसोबत येणारे जुने पॉवरशेल ते उत्तर आपल्या पद्धतीने उलगडून पुन्हा वेगळ्या सांकेतिक रूपात लिहीत होते, त्यामुळे पहिला दोष सुधारूनही परिणाम तोच दिसत होता.

शेवटी फोल्डरांची नावे एका मजकूर फाइलमध्ये यूटीएफ-८ रूपात लिहिली, ती फाइलच साधनाला वाचायला दिली आणि पॉवरशेलऐवजी जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये काम केले. तक्ता एक्सेलमध्ये थेट उघडला तर देवनागरी पुन्हा बिघडते. लिबरऑफिस उघडताना सांकेतिक पद्धत विचारते, तेथे यूटीएफ-८ निवडले की नावे नीट दिसतात. फोल्डरांना केवळ क्रमांक द्यावेत असा सल्ला मला दोघांनी दिला, आणि वेळेचा विचार करता तो चुकीचा नव्हता. परंतु मराठी अंकांच्या संग्रहाची नावे साधनाच्या सोयीसाठी बदलावीत हे मला पटले नाही.

पॉवरशेलबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवतो. ठरावीक फाइलीच निवडण्यासाठी एक्झिफटूलला दिलेल्या अटींमध्ये डॉलर चिन्ह येते आणि दुहेरी अवतरणात ते लिहिले तर पॉवरशेल त्याला स्वतःचे चल समजून रिकामे करून टाकते, त्यामुळे अट अर्धवट पोहोचते आणि व्याकरणदोषाची सूचना येते. मी अटी लिहिण्याचा नाद सोडला, सर्व माहिती तक्त्यात घेतली आणि गाळणी तक्त्यातच लावली.

८ जून

तक्त्यातील ‘फाइलचा प्रकार’ हा रकाना पाहिला आणि पहिला दोष सापडला. ज्यांच्या नावापुढे टिफ लिहिले आहे अशा १,१४८ फाइली प्रत्यक्षात जेपेग आहेत. एक्झिफटूल नावावर विसंबत नाही, फाइलचे पहिले काही बाइट पाहते : टिफ फाइल ‘आय आय’ किंवा ‘एम एम’ या दोन अक्षरांनी सुरू होते, तर जेपेगची सुरुवात एफएफ आणि डी८ या बाइटांनी होते. या फाइली कोणीतरी केवळ नाव बदलून ठेवल्या आहेत. चित्रे दाखवणारे बहुतेक प्रोग्रॅम त्या निमूटपणे उघडतात, त्यामुळे नुसते उघडून पाहणाऱ्याला हे कधीच कळले नसते.

हे पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात यायला हवे होते, कारण हिशोब साधा आहे. आमचे नेहमीचे पान १४ गुणिले २१.५ सेंटिमीटरचे. ४०० डीपीआयला ते सुमारे २,२०५ गुणिले ३,३८६ पिक्सेल होते, आणि प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तर संपीडन नसलेली फाइल सुमारे २ कोटी २४ लाख बाइटांची हवी. ११,२८४ पानांचे मिळून सुमारे २५,२७० कोटी बाइट व्हायला हवेत. टिफ फाइलींच्या फोल्डरांची बेरीज मात्र १८,७८० कोटी बाइट भरली. साडेसहा हजार कोटी बाइट कमी असणे हीच मोठी खूण होती. नाव बदललेल्या जेपेगमुळे त्यातील सुमारे २,३४० कोटींचा हिशोब लागला. उरलेल्यांचा अजून लागायचा आहे.

९ जून

उरलेल्या तुटीचा मोठा भाग संपीडनाच्या रकान्यात सापडला. टिफ ही केवळ पेटी आहे. तिच्या आत चित्र कोणत्याही रूपात ठेवता येते. संपीडनाच्या नोंदीत १ असेल तर संपीडन नाही, ५ असेल तर एलझेडडब्ल्यू, आणि ७ असेल तर आत चक्क जेपेग. १,६२० फाइलींत ७ निघाले. एलझेडडब्ल्यू असते तर मी तक्रार केली नसती, कारण त्यात एकही पिक्सेल बदलत नाही. जेपेग मात्र चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे तुकडे करून प्रत्येकातील बारीक तपशील टाकून देते आणि काळ्या बारीक अक्षराच्या कडेला करडी धूळ सोडते. मूळ प्रतीत असे चालणार नाही.

१३ जून

रिझोल्यूशनच्या रकान्यावर मी चार दिवस घालवले, कारण येथे साधन खरे सांगत होते आणि तरीही मी चुकत होतो.

आधी २१२ पाने मला दोषी वाटली, कारण त्यांच्यापुढे १५७.४८ असा आकडा होता. त्यांची यादी मी ग्रंथपाल ताईंना दिलीसुद्धा. नंतर एकक सांगणारा रकाना घेतला तेव्हा कळले की या पानांत एकक इंच नसून सेंटिमीटर आहे, आणि सेंटिमीटरला १५७.४८ म्हणजे इंचाला बरोबर ४००. यादी परत घेतली. दुसरा गोंधळ जेपेग प्रतींत होता : एकाच फाइलमध्ये एका जागी ७२ आणि दुसऱ्या जागी ४०० अशा दोन नोंदी होत्या. नोंद कोणत्या गटातून आली हे दाखवणारा आणि दुबार नोंदीही दाखवणारा पर्याय लावल्यावर समजले की फाइलच्या जेएफआयएफ या जुन्या भागात ७२ आहे आणि एक्झिफ या दुसऱ्या भागात ४००. हे दोन पर्याय पहिल्यापासून लावावेत.

खरा दोष याच्या उलट बाजूला होता. ६४० पानांत सर्व नोंदी निर्दोष होत्या, ४०० डीपीआय, एकक इंच, संपीडन नाही. पण रुंदी १,१०२ आणि उंची १,६९३ पिक्सेल होती. डीपीआयची नोंद म्हणजे कोणीतरी लिहिलेला एक आकडा आहे. तो बदलल्याने एकही पिक्सेल वाढत नाही. पिक्सेल खरे आणि पट्टी खरी. मी कपाटातून त्यांपैकी एक अंक काढून पट्टीने पान मोजले, ते १४ गुणिले २१.५ सेंटिमीटरच भरले, म्हणजे प्रत्यक्ष स्कॅन २०० डीपीआयचे होते. त्यानंतर १९६ अंकांपैकी प्रत्येकाचे एक पान मोजून तक्त्यात दोन रकाने वाढवले आणि पिक्सेलांना इंचांनी भागून खरे डीपीआय काढले. मोजणीला ग्रंथपाल ताई आणि मी मिळून पाच तास लागले. या संपूर्ण कामात सर्वांत उपयोगी पडले ते हेच पाच तास.

२०० आणि ४०० डीपीआयमधला फरक मराठी मजकुरात कुठे जाणवतो तेही येथे लिहितो, कारण मंडळातील एका सदस्यांनी ‘वाचता तर येते’ असे म्हटले होते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या अंकांत ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘केलें’ असे अनुच्चारित अनुस्वार पानोपानी आहेत. त्या काळच्या छपाईच्या बारीक खिळ्यांत (धातूच्या अक्षरांत) वेलांटी किंवा मात्रेशेजारचा अनुस्वार म्हणजे कागदावर अर्धा मिलिमीटरही नसलेला ठिपका. २०० डीपीआयला तो तीन-चार पिक्सेलांचा होतो आणि वेलांटीला चिकटतो. ‘नाहीं’ आणि ‘नाही’ यांतला भेद डोळ्यांना दिसत नाही, मग अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला कुठून दिसणार? घ आणि ध, भ आणि म यांतल्या शिरोरेखेच्या फटीचेही तसेच. वाचणारा माणूस अर्थावरून भरून काढतो. परंतु त्या काळी शब्द कसा लिहिला जात होता याचा पुरावा जपायचा असेल, तर ठिपका सुटा दिसलाच पाहिजे.

१८ जून

पट्टीची कसोटी लावली तरी एक शंका राहते : लहान स्कॅन फुगवून मोठे केले असेल तर पिक्सेलही पुरेसे भरतात आणि फाइलमधील कोणतीही नोंद ते सांगत नाही. यासाठी इमेजमॅजिक हे चित्रांवर प्रक्रिया करणारे साधन वापरले. पान आधी निम्मे करायचे, पुन्हा मूळ आकाराचे करायचे आणि मूळ पानाशी ताडून पाहायचे. खऱ्या ४०० डीपीआयच्या पानात ठळक फरक येतो, कारण बारीक तपशील वाटेत गळतो. फुगवलेल्या पानात गळण्यासारखे काही नसतेच. ६० पानांचा नमुना घेतला. दोन अंकांतील पानांत फरक जवळजवळ शून्य आला. त्या अंकांतील छायाचित्रे मोठी करून पाहिली तेव्हा छपाईचे जाळीचे ठिपके, जे शेजारच्या अंकात स्वच्छ मोजता येतात, तेथे पुसट ढगासारखे दिसले. ही ११८ पाने यादीत घेतली. नमुना पद्धतीमुळे काही पाने निसटली असण्याची शक्यता आहे आणि मंडळाला तसे लेखी कळवले आहे.

२१ जून

स्कॅन करणारे गृहस्थ वाचनालयात आले. त्यांनी आधी म्हटले, “सर, फाइल उघडते ना? मग अडचण काय आहे?” मी त्यांच्याच एका फाइलचे पहिले बाइट आणि त्यांच्यासमोर पट्टीने मोजलेले पान दाखवले, त्यानंतर बोलणे सरळ झाले. दोन माणसांनी दोन यंत्रांवर काम केले होते आणि एका यंत्रावर साठवण्याचे पर्याय कोणी तपासलेच नव्हते. आत जेपेग असलेल्या १,६२० पानांच्या मूळ फाइली त्यांच्या संगणकावर शिल्लक आहेत, त्यामुळे त्या पुन्हा काढून देता येतील. बाकीची १,९०६ पाने पुन्हा स्कॅन करावी लागतील. सर्व मिळून ३,५२६ पानांचे १५,८६७ रुपये तोवर रोखून ठेवण्याचे दोघांनी मान्य केले.

२७ जून

आज जे उघड झाले त्यात चूक माझी आहे. दोन दिवसांपूर्वी अंक वाचत बसलेल्या एका स्वयंसेविकेने येऊन सांगितले की एका पानाचा खालचा अर्धा भाग पूर्ण काळा आहे. तक्त्यात ते पान निर्दोष होते : प्रकार, पिक्सेल, संपीडन, इतकेच काय, फाइलचा आकारही अचूक. एक्झिफटूल फाइलचा माहितीचा भाग वाचते, चित्र उलगडत नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून रात्रभर इमेजमॅजिकच्या सविस्तर तपासणीतून सर्व पाने नेली. तिला साडेनऊ तास लागले. तिने खराब झालेल्या चार जेपेग प्रती दाखवल्या, पण ते काळे पान मात्र बिनतक्रार स्वीकारले. संपीडन नसलेल्या टिफमध्ये शून्य हाही वैध पिक्सेल असतो आणि त्याचा रंग काळा, त्यामुळे तक्रार करण्यासारखे त्या साधनाला काही दिसलेच नाही.

मग प्रत्येक पानाची तळची शंभर पिक्सेलांची पट्टी कापून तिचे प्रमाण विचलन, म्हणजे तिच्यातील पिक्सेलांत किती चढउतार आहे याचे माप, काढले. स्कॅनर कितीही काळे पाहो, त्यात थोडी तरी थरथर असतेच. अगदी शून्य विचलन आले तर तेथे कागद कधी नव्हताच. अशी नऊ पाने सापडली. ती त्या व्यावसायिकांच्या मूळ डिस्कवर पाहिली तर तेथे अगदी ठीक होती. म्हणजे ३ जूनला वीज गेली तेव्हा आमच्या डिस्कवर या फाइलींसाठी जागा राखली गेली होती, मजकूर उतरला नव्हता, आणि नंतर ‘आधीच असलेल्या वगळा’ म्हटल्यामुळे त्या तशाच राहिल्या. मी दूरध्वनी करून त्यांना हे सांगितले, कारण दोन दिवसांपूर्वी याच पानाबद्दल ग्रंथपाल ताईंशी बोलताना मी त्यांच्याकडे बोट दाखवले होते. फाइली उतरवल्यावर दोन्हीकडच्या चेकसम (फाइलमधील सर्व बाइटांवरून काढलेल्या पडताळणीच्या खुणा) ताडून पाहाव्यात आणि हे पहिल्याच दिवशी करावे. वाचनालयासाठी ३,२०० रुपयांचा यूपीएस घेतला.

२ जुलै

४६ मुखपृष्ठे इतकी नाजूक आहेत की ती स्कॅनरवर न ठेवता एका स्वयंसेवकाने घरी नेऊन फोनने टिपली होती. त्या जेपेग फाइलींत अक्षांश-रेखांश होते, म्हणजे त्याच्या घराचा पत्ताच. त्या नोंदी काढण्यासाठी मी ‘सर्व मेटाडेटा पुसा’ अशी कमांड दिली आणि तिने सांगितल्याप्रमाणे सर्वच पुसले. दिशेची नोंद गेल्यामुळे उभी मुखपृष्ठे आडवी झाली आणि रंगाचे प्रोफाइल गेल्यामुळे भगवा आणि लाल हे रंग फिके पडले. एक्झिफटूल लिहिण्यापूर्वी मूळ फाइलची प्रत शेजारी ठेवते आणि ती परत आणण्याचाही पर्याय आहे, म्हणून नुकसान झाले नाही. जागा वाचवण्यासाठी त्या प्रती मी पुसणारच होतो. दुसऱ्या वेळी केवळ जीपीएस गटाच्या नोंदी काढल्या आणि एक्सएमपी या नोंदींच्या दुसऱ्या भागात स्थान शिल्लक नाही ना, हे पुन्हा वाचून पाहिले.

११ जुलै

बदललेली पाने आली. या वेळी उतरवल्याबरोबर चेकसम ताडल्या, मग त्याच क्रमाने प्रकार, संपीडन, पिक्सेल आणि पट्टी. सर्व मिळून तीन तास लागले, कारण कमांड आणि तक्ता तयार होते. टिफ फाइलींची बेरीज आता २५,२०० कोटींच्या पुढे गेली आहे.

एक पळवाट मात्र डोक्यात होती. जेपेग उघडून ती टिफ म्हणून साठवली तर वरच्या सर्व कसोट्या ती पार करते. म्हणून पूर्वी जेपेग निघालेल्या प्रत्येक अंकातील तीन पाने आठपट मोठी करून शिरोरेखेच्या आसपास पाहिली. एका अंकात आठ-आठ पिक्सेलांचे चौकोन स्पष्ट दिसले. त्याची सर्व ५४ पाने त्याच खुणांची निघाली. तो अंक पुन्हा स्कॅन करण्यासाठी परत दिला.

२० जुलै

५४ पाने आली आणि ती खरी निघाली. रोखलेली रक्कम आज चुकती केली. सर्व फाइलींच्या एसएचए-२५६ पद्धतीने काढलेल्या चेकसमांची यादी, मोजमापांसह पूर्ण तक्ता आणि वापरलेल्या कमांडची मजकूर फाइल दोन्ही डिस्कांवर ठेवली आहे. एक डिस्क वाचनालयाच्या कपाटात आणि दुसरी, आणखी ५,८०० रुपयांची, ग्रंथपाल ताईंच्या घरी. नमुन्यात न आलेल्या अंकांची फुगवटा तपासणी पावसाळ्यानंतर हाती घेईन.